शेणानं न बुजणारी भेग

कोयनानगरच्या वरच्या अंगाला भुईनं अंग झटकलं की बनाबाई आधी शेणमाती कालवायची. भिंतीचं उघडं तोंड घरात ठेवू नये, म्हणून प्रत्येक भेग त्याच दिवशी लिंपायची. चाळीस वर्षं. सगळ्या वाडीची हीच रीत, आणि हाच मूर्खपणा. भेग वाढतेय का, हे कुणाला कधी दिसलंच नाही.

सून दीपमालानं या खेपेला कणगीमागची एक भेग सासूपासून लपवून उघडी ठेवली. शेंड्याला कोळशाची खूण केली. आठ दिवसांत भेग खुणेच्या वर वीतभर सरकली. बुंध्यातून दोन फाटे, त्या दोन्हींना पुन्हा दोन-दोन. प्रत्येक फाटा म्हणजे अख्ख्या भेगेचं पिल्लू. तसाच वळसा, तशीच उजवीकडं मोडलेली मान.

आज सकाळी ती सरपणाला डोंगरावर गेली आणि मोळी तिच्या हातातून सुटली. कड्याखालच्या गवतात तीच भेग पसरली होती. तोच वळसा, तीच मोडकी मान. फक्त लांबी शंभर पावलं. आणि बुंधा खाली, थेट वाडीकडं.

ती धावतच घरी आली. "आत्या, उठा. डोंगर फाटलाय. घर सोडायचं."

"फाटू दे. पंचनाम्याचा सायेब म्हणला न्हवं, वरवरचं हाय म्हणून?"

"त्यो गाडीतनं उतारला तरी हुता का? काच खाली करून म्हणला!"

"लय भित्री गं तू. तुज्या नवऱ्याला ह्याच घरात, भुई हालत असताना जलम दिलाय म्या."

"भित्री तर भित्री. एकडाव वर चला, आन मग बोला."

बनाबाई शेणमातीची पाटी घेऊनच निघाली. सुनेची खोड मोडायची होती तिला.

भेगेपाशी बसून तिनं हात आत घातला. कोपर गेलं, खांदा टेकला, तळ लागेना. आतून गार वारा बोटांना चाटून गेला. मग तिची नजर फाट्याफाट्यांवरनं फिरली. ही वळणं तिच्या बोटांना पाठ होती.

"ही तर आपली चुलीमागची... दर खेपेला लिंपती ती..." ती म्हणाली.

पायाखालनं खडे भेगेत घरंगळले. खाली पडल्याचा आवाज काही आला नाही.

बनाबाईनं पाटी तिथंच टाकली. "शेरडं सोड जा. मी वाडीला उठवती."

पहिल्याच घरात लोक तिला हसले. ती नखांनी त्यांच्या भिंतीचं लिंपण खरवडत सुटली. पापुद्रा गळून पडला. आत तीच भेग मान मोडून बसली होती.

हसणं थांबलं.