निळी ताटली आणि काडेपेटी

त्या गल्लीत शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत जात नसे. आलेला पदार्थ खाऊन झाला की भांडं धुवायचं आणि त्यात आपलं काहीतरी घालून द्यायचं. घरात अगदीच खडखडाट असला तर निदान एक काडेपेटी ठेवायची. पण भरल्या घरातून काडेपेटी आली, की समजायचं, बाई फुगली आहे.

तोमिएने शेजारच्या शिझुनोच्या वाडग्यात काडेपेटीच घालून पाठवली होती, आणि तीही घरात काकड्यांची टोपली भरलेली असताना.

कारणही तसंच होतं. सार्वजनिक न्हाणीघरात, गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका गरम पाण्यात मानेपर्यंत बुडालेल्या असताना शिझुनो म्हणाली होती, "आमच्याकडे हल्ली खिडकी उघडायची सोय नाही बाई. तोमिएच्या लोणच्याच्या पिंपाला काय वास सुटलाय!" बायका खो खो हसल्या. पिंपातला, भाज्या मुरवायचा तांदळाचा कोंडा रोज हाताने ढवळावा लागतो आणि त्या उन्हाळ्यात तोमिएने आळस केला होता. बोलणं खरं होतं, म्हणून तर तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तेव्हापासून दोघींचं बोलणंचालणं बंद. घरांच्या मधे हातभर बोळ. एकीने खोकलं तर दुसरीला ऐकू जाई, पण विचारपूस नाही.

हवेत गारठा आला आणि टोफूवाल्याने बातमी आणली. शिझुनोच्या नवऱ्याला सोडतीत सिमेंटच्या नव्या इमारतीत घर लागलं होतं. रविवारी बिऱ्हाड हलणार.

तोमिएला जेवण जाईना. तिचा नवरा कामेकिची म्हणाला, "जाऊन बोल की एकदा."

"मी का? जिभेला हाड नाही ते तिच्या."

"मग जाऊ दे. तिथे तरी बिचारी खिडकी उघडेल."

तोमिएने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पेपरात डोकं घालून बसला. मग ती उठली, पिंपात हात घातला आणि शिझुनोला आवडायची तशी कोवळी वांगी काढली. लग्नातल्या निळ्या ताटलीत मांडली आणि ताटली नवऱ्याच्या हातात दिली.

"काय सांगू?"

"काही सांगू नका. द्या आणि या."

आता तिला घोर लागला तो ताटलीचा. परत आली तर तीत काय असेल? चेस्टनट किंवा असलं काही खायचं असलं तर भांडण मिटलं. काडेपेटी असली तर कायमचं तुटलं, आणि माणूस तर चाललं.

शनिवारी ताटली आली नाही. रविवारी ट्रक आला. कामेकिची कपाट उचलायला धावला. तोमिए मात्र स्वयंपाकघरात धुतलेलेच तांदूळ पुन्हा धूत राहिली.

दार सरकलं. डोक्याला फडकं बांधलेली शिझुनो उभी. तिने एक छोटं गाठोडं पुढे केलं. तोमिएने सोडलं, तर आत काडेपेटी. वर करकोच्याचं चित्र असलेली, तोमिएनेच तेव्हा पाठवलेली.

"बरं," तोमिए म्हणाली. "जपून जा."

"बरं काय? तुझी तुला परत आणलीय. असलं काही मला पुन्हा पाठवू नकोस."

"आणि ताटली?"

"ती गेली ट्रकमध्ये, सगळ्यात खाली. आता निघायची नाही. द्यायला यावंच लागेल मला." शिझुनोने फडक्याची गाठ उगीच सोडून पुन्हा बांधली. "तिसरा मजला आहे. खिडकीतून म्हणे कसलाच वास येत नाही. मला तर धडकीच भरलीय."

तोमिएचे डोळे भरून आले. "वांगी कशी होती?"

"जरा खारट."

"खारट?"

"जराशी गं. सगळी संपवली."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. शिझुनो धावली. तोमिए तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेली आणि ओरडली, "ताटली रिकामी आणलीस तर दारात उभं करणार नाही!"

घरात आल्यावर तिने त्याच पेटीतली काडी ओढली आणि भात चढवला.