थोरल्याची घुंडी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. हातात सहज मावेल एवढा. लोक म्हणत, हा फार कामाचा आहे. तरीही माझ्याच घरातल्या दुसऱ्या एका कॅमेऱ्याचा मला आयुष्यभर हेवा वाटत आला.

दूरच्या एका कारखान्यात मी तयार झालो. अड्याळचे फोटोग्राफर यादोराव यांनी १९७४ साली मला नागपुरातून विकत आणले. त्यांच्या स्टुडिओत शिरताच माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथे तीन पायांच्या घोडीवर एक भलामोठा लाकडी कॅमेरा उभा होता. त्याला कातडी भाता होता आणि डोक्यावर काळे कापड होते. त्याची एकेक फिल्म शाळेच्या पाटीएवढी असे. यादोरावांच्या वडिलांनी, दादाजींनी, तो घेतला होता. घरात सगळे त्याला ‘थोरला’ म्हणत. मला मात्र कुणी नाव ठेवले नाही.

खरे काम मीच करत होतो. लग्न असो, बारसे असो, शाळेचा कार्यक्रम असो, यादोराव मला गळ्यात अडकवून सायकलवर निघत. धूळ मी खाल्ली, ऊन मी सोसले. एकदा लाखनीच्या लग्नात गर्दीत मी खाली पडलो आणि माझे मागचे झाकण सैल झाले. यादोरावांनी त्यावर चिकटपट्टी लावली आणि लगेच पुढचा फोटो काढला. थोरला वर्षातून मोजक्या वेळा उघडला जाई, पण रोज सकाळी त्याचे लाकूड पुसले जाई. दसऱ्याला हळदकुंकूही आधी त्याला लागे. मी खुंटीवरून बघत राही आणि आतल्या आत जळे.

१९८१ सालची गोष्ट. गावातल्या तलावावर मासे धरणारे इतवारी ढिवर यांच्या धाकट्या मुलाचे लग्न झाले. लग्नातला घरच्या सगळ्या माणसांचा फोटो मी काढला होता. यादोरावांनी तो मोठा करून दिला. दुसऱ्याच दिवशी इतवारीची बायको रेवताबाई तो घेऊन परत आली. तिची नजर मंद झाली होती. फोटो डोळ्यांशी धरून ती म्हणाली, “बापू, ह्यात माहा मंगरू कोणता हाये? मले सारे सारखेच दिसून राहिले.”

मंगरू तिचा मोठा मुलगा. तो पुढच्याच सकाळी एसटीने कामासाठी भिलाईला जाणार होता. पुन्हा कधी येईल, त्याचे त्यालाही माहीत नव्हते.

यादोरावांनी फोटो निरखून पाहिला. मोठा करताना चेहरे रवाळ झाले होते. “मावशी, सगळ्याइले घेऊन या,” ते म्हणाले. “थोरल्यानं काढतो. नाकडोळे साफ दिसतील.”

माझा फोटो असा बाजूला ठेवला गेला, मित्रांनो! माझ्या मनाला फार लागले.

दुपारी इतवारीचे सारे घर आमच्या स्टुडिओच्या अंगणात जमले. यादोरावांनी थोरल्याला बाहेर काढले, काळे कापड डोक्यावर घेतले आणि चेहरे स्पष्ट दिसावेत म्हणून भाता पुढेमागे करणारी घुंडी फिरवली. कट्! घुंडी मधोमध दुभंगली. मूळची पितळी घुंडी कधीच झिजली होती. तिच्या जागी यादोरावांनी काळ्या प्लास्टिकची बसवली होती. आता ती दांडीवर नुसतीच गरगर फिरत होती.

मला वाटले, आता तरी मला बोलावतील. निर्मलाबाई, म्हणजे यादोरावांची बायको, म्हणालीही, “अवो, लहान कॅमेरा हाये ना! येकायेकाचा फोटो काढा.”

“त्याहीले येकायेकाचा नाही पाहिजे,” यादोराव म्हणाले. “सारं घर येका जागी पाहिजे.”

ते ओट्यावर बसले. प्लास्टिकचे दोन तुकडे त्यांनी कानशीने खरवडले आणि घट्ट गोंद लावून जोडले. दांडीवर बसवून फिरवताच ते पुन्हा सुटले. मग त्यांनी दाभण तापवून दोन्ही तुकड्यांना बारीक भोके पाडली आणि तांब्याच्या तारेने ते शिवले. तरीही पकड ढिलीच होती.

“वरून दोरा आवळला तं?” इतवारीने विचारले आणि जाळे विणायचा नायलॉनचा दोरा पुढे केला. रेवताबाईने घुंडी मागून घेतली. डोळ्यांनी नीट दिसत नव्हते, तरी बोटांनी चाचपत तिने वेढ्याला वेढा लावून दोरा गच्च गुंडाळला. यादोरावांनी त्यावर पुन्हा गोंद माखला.

“आता दाबून ठेवा लागते,” ते म्हणाले. वस्तू आवळून धरायचा शिकंजा घरात नव्हता. त्यांनी घुंडी उजव्या मुठीत आवळली आणि तसेच बसून राहिले. निर्मलाबाईने चहा आणला. तो त्यांनी डाव्या हाताने घेतला. हात अवघडला, बोटे पांढरी पडली, पण मूठ सुटली नाही.

खुंटीवरून मी ते पाहत होतो. माझ्या आयुष्यात मला इतका वेळ कुणीच हातात धरले नव्हते.

ऊन कलायच्या आत घुंडी बसली. भाता सरकला. “हलू नका,” यादोराव म्हणाले, आणि सारे घर थोरल्यासमोर स्तब्ध झाले. रात्री फोटो धुऊन निघाला. सकाळी एसटी यायच्या आधी रेवताबाईने तो उन्हात डोळ्यांजवळ धरला. तिचे बोट एकेका चेहऱ्यावरून सरकत गेले आणि एका जागी थांबले.

“हा माहा मंगरू,” ती म्हणाली. शेजारी पिशवी घेऊन उभा असलेला मंगरू रडायला लागला.

तो फोटो मला कधीच काढता आला नसता, हे मला तेव्हाच कळले. पण मित्रांनो, कळल्याने हेवा जात नाही. पुढे रंगीत फोटोंचे दिवस आले, नवे कॅमेरे आले आणि मीही फळीवर गेलो. आज थोरला माझ्या शेजारीच आहे. त्याचे लाकूड अजून कुणीतरी पुसते, आणि माझा जीव अजून जळतो.

एवढेच सांगायचे आहे. मोडलेली वस्तू फेकू नका, जीव लावून दुरुस्त करा. पण ती दुरुस्त करताना शेजारच्या धडधाकट वस्तूकडेही एकदा बघा. ती कुरकुर न करता रोज राबत असते. तिलाही कधीतरी, काही मोडलेले नसताना, हातात घ्या.