चाकांवाचून आगगाडी

मी फळा बोलतोय, चाकणजवळच्या निघोज्यातल्या अंगणवाडीतला. मोठ्या शाळांतल्या खानदानी फळ्यांपैकी मी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी मूळचा पॅकिंगच्या पेटीचं झाकण. मशीनचे भाग घेऊन चाकणच्या एका कंपनीत आलो, पेटी उघडली आणि माझं काम संपलं. मग भंगारात पडून राहिलो. इकडे आमच्या लाकडाचं लोक काहीही करतात, कोंबड्यांचं खुराडं म्हणू नका, टपरीचं बाकडं म्हणू नका. माझं नशीब थोर, म्हणून सोपानरावांनी मला उचललं, काळा रंग फासला आणि सुनेच्या अंगणवाडीत भिंतीला ठोकलं.

त्यांची सून म्हणजे तनुजाबाई. भारी हौशी. "आधी एक चौकोन, त्याला लागून दुसरा, वर खिडक्या, खाली चाकं. झाली आगगाडी!" असं त्या शिकवायच्या. पण चाकणला रेल्वे आहेच कुठे? पोरांनी पाहिलेले सगळे कंटेनर. त्यामुळे त्यांच्या आगगाडीला स्टेअरिंग असायचं, आरसे असायचे, पुढे लिंबू-मिरचीही लटकायची. मला हसू आवरायचं नाही.

खरी आगगाडी काढायची ती एकटी दिव्या. आईबापांबरोबर ती परभणीहून रेल्वेनं आली होती. खिडक्यांना गजसुद्धा काढायची. बाई तिला कौतुकानं पुढे बोलवायच्या आणि ती माझ्यावर तोऱ्यात खडू चालवायची. तिच्यावर माझा फार जीव होता.

एके दिवशी तिनं चाकं काढलीच नाहीत. विसरली असेल, म्हणून बाईंनी काढून दिली. बाईंची पाठ वळताच पोरीनं ती तळहातानं पुसून टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच. बाई चिडल्या. "दिव्या, हा काय आगाऊपणा?" पोरीनं खडूचा हात फ्रॉकला पुसला. ती एकेक चाक शोधून शोधून पुसत होती, हा आगाऊपणा नव्हे, हे फक्त मला कळलं होतं. पण मला तोंड कुठे आहे?

खिचडी शिजवणाऱ्या गोजाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. "पोरी, बिनचाकाची गाडी चालंल व्हय? का पुसतीस?"

"चालू नये म्हणूनच," दिव्या म्हणाली. "चाकं दिली की निघंल ती. मला आजीकडं धाडायलेत."

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. दुपारी दिव्याची आई करिष्मा तिला न्यायला आली, तेव्हा बाईंनी तिला सगळं सांगितलं.

"बाई, मला काय हौस आलीय का?" करिष्मा उसळली. "आजवर एक जण कामावर, तर एक जण घरी असायचा. आता दोघांची शिफ्ट एकच झाली. हिला खोलीत कोंडून जाऊ का?"

"माझ्यापाशी ऱ्हाऊ दे की," गोजाबाई म्हणाल्या.

"रात्रपाळीलाबी ठेवाल का, मावशी?"

गोजाबाईंनी दिव्याच्या केसांवरून हात फिरवला. त्यांचा नवरा घरी अंथरुणाला खिळलेला. रात्री त्या पोरीकडे कशा बघणार?

मग करिष्मा माझ्यापुढे फरशीवरच बसली. लेकीच्या हातात तिनं खडू दिला. "चाकं नसली तर गाडी तुला परत कशी आणंल, सांग बरं? दिवाळीला मी स्वतः घ्यायला येते."

दिव्यानं आईच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग एकेक चाक काढलं, इतकं दाबून की खडू मोडला.

दिवाळी येऊन गेली. शिफ्ट तीच आहे आणि दिव्या गावीच आहे. बाई माझा दिव्याच्या गाडीचा तेवढा कोपरा सोडून बाकीचा पुसतात. नवी पोरं जागेवरून भांडतात, ओल येऊन खडू फिका पडत चाललाय, आणि मला तर रोज घोर लागलेला असतो.

परवा कामाला सुट्टी होती, म्हणून करिष्मा आली होती. म्हणाली, "बाई, फोनवर पोरगी जेवणाचं सांगत नाही, खेळाचं सांगत नाही. एकच विचारते. चाकं कुणी पुसली तर नाहीत ना?"

लोकहो, पुसलं जाणं हा फळ्याचा धर्मच आहे, त्याला माझी ना नाही. पण एवढा कोपरा राहू द्या. ज्या पोरीनं चाकं पुसून गाडी अडवून धरली होती, तीच आता त्या चाकांच्या भरवशावर बसली आहे.