थेंबाआडचा गौतम

लेक नूपुर आपल्या बाबाचा चेहरा विसरली, या एका काळजीने आकांक्षाचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सुजल्या डोळ्यांनीच तिने करी रोडच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं आणि साड्यांच्या खालून मला बाहेर काढलं. मी तिच्या नवऱ्याचा, गौतमचा कॅमेरा. वर्षभर तिथेच पडून होतो.

माझा जन्म कुठला, ते माझ्या पोटावर छापलं होतं. गौतमच्या तळहाताच्या घामाने ते पुसलं गेलं. फोर्टच्या गल्लीतून त्याने मला जुनाच आणला, तेव्हा त्याची आई, मालनबाई, म्हणाली होती, "फोनात येतो की फोटो! आता याला काय न्हाऊमाखू घालायचंय?"

तो घालायचाही. रोज मऊ फडक्याने काच पुसायचा. पण माझी एक अडचण होती. मालकाचा चेहरा मला कधी समोरून दिसायचा नाही. तो कायम माझ्या पाठीमागे. त्याची दाढी पाठीला टोचायची, तेवढीच आमची ओळख.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात भाड्याची गाडी करून तिघं माळशेजचे धबधबे बघायला निघाली. आकांक्षाच्या पिशवीत उलटीच्या गोळ्या, स्वेटर, टोपडं, वर आणखी एक स्वेटर. घाटभर तिचं चालूच, "अरे, तिचा हात सोडलास का? कडेला नको ना!" माझ्यातल्या प्रत्येक फोटोत तिचं तोंड ओरडण्यासाठी उघडलेलं आहे आणि तीन वर्षांची नूपुर जीभ बाहेर काढून पाणी झेलतेय.

"आता तिघांचा एक," गौतम म्हणाला. मला बॉनेटवर ठेवून त्याने टायमर लावला आणि धावत सुटला. पहिल्यांदाच तो मला समोरून दिसणार होता. तेवढ्यात वारा फिरला, तुषार उडाले आणि एक थेंब नेमका माझ्या काचेवर बसला. मला पापणी नाही हो, मिटणार काय? फोटो निघाला.

"खराब आला. अजून एक काढूया."

"पोरगी भिजलीय, ताप येईल. पुढच्या वर्षी काढ."

दिवाळीआधी कामावरच गौतमच्या छातीत कळ आली. पुढचं वर्ष त्याला मिळालंच नाही. त्याच्या फोनचा पॅटर्न कुणालाच ठाऊक नव्हता, तोही मुका झाला.

परवा वर्षाच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या पहिल्या स्मृतिदिनाला, फोटो हवा होता. स्टुडिओवाल्या निलेशने लग्नाच्या अल्बममधला गुळगुळीत दाढीचा चेहरा उचलला आणि निळ्या सुटावर बसवला. वर टायही दिला. मालनबाईंनी डोळ्याला पदर लावला, "साहेब दिसतोय माझा."

नूपुर फ्रेमसमोर उभी राहिली. "आजी, हे काका कोण?"

गौतमने उभ्या जन्मात टाय लावला नव्हता.

म्हणून आज मी पुन्हा चार्जिंगला लागलो आणि निलेशच्या टेबलावर गेलो. त्याने तो फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"वहिनी, दादाच्या तोंडावर अख्खा थेंब बसलाय. मागे चेहराच नाय, तर मी साफ काय करू?"

"काहीच नाही होणार?"

"एआयने बनवून देतो ना. डोळे, नाक, दाढी, सगळं झकास येईल. फक्त तो दादाच असेल, असं नाय."

आकांक्षाने मला उचलून घेतलं. "नको. अनोळखी माणूस भिंतीवर एक आहे तो पुरे."

माझी बॅटरी फुगलीय. आज चालतोय, पुन्हा चालेन असं वाटत नाही. तुमच्या घरात सगळ्यांचे फोटो काढणारं कोणी असेल, तर एकदा त्याच्या हातून कॅमेरा काढून घ्या. पोरं भिजलेली असली तरी. हे सांगायला मला उशीर झाला, एवढं खरं.

घरी येऊन आकांक्षाने नूपुरला मांडीवर घेतलं. "बघ, धबधबा. आणि ही आई ओरडतेय." नूपुर खुदकन हसली. मग शेवटचा फोटो आला. दोघींच्या शेजारी, दाढी असावी अशा जागी, एक पांढुरका गोळा.

"आणि हे कोण गं?" आकांक्षाने त्या गोळ्यावर बोट ठेवलं.

नूपुरने फ्रॉकचं टोक धरलं आणि माझी स्क्रीन पुसली. फुंकर मारली. पुन्हा पुसली, जोर लावून.

"आई, पुसलं तरी बाबा येत नाहीये."