बॅटऱ्यांची बैठक

केनवडच्या शालिकरामांच्या घरात दोन नियम होते. मेलेल्या बॅटऱ्या मागच्या खोलीत ठेवायच्या, आणि थोरल्या मुलाची विधवा साधना, हिनंही मागच्या खोलीतच राहायचं. दोन्ही नियम साधनेच्या सासूनं, सीताबाईंनी केले होते. कारण एकच होतं. ज्यातला जीव गेला, ते पुढच्या दारी शोभत नाही.

मागे मेथी-कोथिंबिरीचा मळा, पुढे रस्त्याला लागून फवारणी पंपांचं आणि बॅटऱ्यांचं दुकान. ते साधनेच्या नवऱ्यानं, गोविंदानं उघडलं होतं. दोन वर्षांपूर्वी तो अपघातात गेला. तेराव्या दिवशी त्याच्या खुर्चीवर धाकटा भाऊ मुकेश बसला आणि साधनेची गादी मागच्या खोलीत गेली. घरात याबद्दल चर्चा झाली नाही. खुर्ची कोणत्या कोपऱ्यात ठेवायची याबद्दल मात्र दोन दिवस झाली.

जुन्या बॅटऱ्या घेऊन जाणाऱ्या कारखान्यानं मागल्या साली वाशिमला एक दिवसाचं शिबिर ठेवलं होतं. मुकेशला त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती, शालिकरामांना गुडघे होते, म्हणून साधनेला पाठवलं. ती परत आली ती लाल चिकटपट्टीची रिळं, रबरी हातमोजे आणि एक वाईट सवय घेऊन. तिला आता कारणं माहीत होती.

तेव्हापासून ती प्रत्येक जुनी बॅटरी पुसायची, दोन्ही टोकांवर, टर्मिनलवर, पट्टी लावायची म्हणजे ती लोखंडाला टेकून ठिणगी पडत नाही, बॅटरी उभीच ठेवायची. गळकी असेल तर प्लॅस्टिकच्या टपात वेगळी. अॅसिड नालीत ओतू द्यायची नाही, कारण नाली मेथीत जात होती. लाकडी फळीवर थर, थरांमध्ये पुठ्ठा, वरून आवळपट्टा.

"वैनी, मेलेल्या बॅटरीले पट्टी कायले लावता?" मुकेश दारातून हसायचा. "तिले काय जखम झाली?"

"तुमी मेली म्हंता, भाऊजी. पंप चालवाची ताकद गेली तिची. आग लावाची हायेच."

"अस्सं? मंग बॅटरी तुमच्यासारखीच निंगाली."

या विनोदावर सीताबाई सुद्धा हसल्या होत्या. एरवी त्या हसत नसत.

त्या रविवारी अनसिंगहून मुकेशचं घर पाहायला पाहुणे येणार होते. आणि त्याच दुपारी बॅटऱ्या न्यायला कारखान्याचा ट्रक. साधनेनं शनिवारीच चौसष्ट बॅटऱ्या बांधून तयार ठेवल्या होत्या. सकाळी सीताबाईंनी तिला मळ्यात पिटाळलं.

"पाव्हणे येऊन जाईलोक तोंड दाखवजो नको. सोयरीक मोडली त संध्याकाळी रिठदची गाडी धरजो, भावाकडची. सांगून ठेवतो तुले."

रिठदच्या भावाकडे दोन खोल्या होत्या आणि सात माणसं. तिथं मागची खोली सुद्धा नव्हती.

मेथीचा भारा घेऊन ती परतली तर खोली मोकळी. सगळ्या बॅटऱ्या गायब. पुढच्या खोलीत भिंतीला लागून एक लांबलचक बैठक उभी होती. गादी, लोड, वर मोरांची चादर. समोरच्या भिंतीवर रंगीत कागदाची अक्षरं लाल पट्टीनं चिकटवलेली: सुस्वागतम.

"तुमचे मुर्दे कामी आले, वैनी!" मुकेश खूष होता. "सोफा म्हना सोफा. वरून टिनाचा पत्रा टाकला, एकदम लेव्हल."

"पत्रा? लोखंडाचा? अन हे पट्टी कोठून आणली तुमी?"

"रीळ संपलं, मंग काढली त्याईच्याच अंगावरची. कायले टेन्शन घेता?"

ती गादीकडे धावली. सीताबाईंनी तिला दंडाला धरून मागे आणलं आणि दार लोटून घेतलं. त्या दाराला कडी नव्हती. कधी लागलीच नव्हती.

जीप आली. पोहे गेले, तर्री गेली, चहा गेला. मुलीचे मामा देवमनराव बैठकीच्या मधोमध बसलेले असावेत, कारण त्यांचा आवाज सगळ्यात जवळून येत होता. पाऊस, सोयाबीन, कोणाच्या पोराला कुठं नोकरी, असं करत करत गोष्ट मुद्द्यावर आली.

"शालिकरामभाऊ, एक म्हंतो. बैठक लय झकास हाये तुमची. थंडीचे दिवस, अन खालून कशी मस्त गरम लागून राह्यली! हीटर लावला काय?"

"खास तुमच्यासाठीच, मामाजी," मुकेश म्हणाला.

दारामागे साधनेच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. सडक्या अंड्यासारखा वास फटीतून आत येत होता; तापलेल्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, हे तिला शिबिरात सांगितलं होतं. पाहुण्यांनाही येत असणार, पण पाहुणे दुसऱ्याच्या घरी वासाबद्दल बोलत नाहीत. तेवढ्यात सीताबाईंचा आवाज आला, "थांबा, निरांजन आणतो. सूनबाईच्या मामाईले ओवाळतो."

तिला रिठदच्या दोन खोल्या दिसल्या. मग तिनं दार ढकललं.

"उठा! सगळे उठा तिथून! आत्याबाई, तो दिवा बाहीर न्या!"

पाहुण्यांच्या नजरा आधी तिच्या मोकळ्या कपाळावर गेल्या. बैठकीवरून कोणी उठलं नाही. सीताबाई ताट घेऊन तशाच पुढे आल्या.

"पांढऱ्या पायाची! शुभ कामात कडमडली!"

साधनेनं ताटातला दिवा फुंकून विझवला. मग देवमनरावांना हाताला धरून उठवलं. ते उठले तेव्हा त्यांच्या पँटच्या मागल्या बाजूला रुपयाएवढं भोक होतं आणि ते वाढत होतं. तिनं नळाची बादली आणून त्यांच्यावर ओतली. गोणपाटात हात गुंडाळून गादी ओढली, पत्रा उपसला. निळी ठिणगी कडाडली. दोन बॅटऱ्या लाडवासारख्या फुगल्या होत्या, तिसरी तडकून गळत होती. मोरांपैकी चार मोर जळून गेले होते.

मग सगळ्यांनी चर्चा सुरू केली. विषय होता, विधवा पुढं कशी आली.

"हिच्याच पायगुणानं झालं," मुकेश म्हणाला. पत्र्याबद्दल तो काही बोलला नाही. शालिकराम गुडघ्यांकडे पाहत होते. देवमनरावांच्या पँटमधून पाणी गळत होतं, तरी तेही म्हणाले, "बाईनं येवाले नाई पाह्यजे होतं. कोनाले तरी सांगून पाठवाचं."

साधनेनं गळकी बॅटरी टपात घातली आणि उघड्यावर नेली. अंगणात पाहुण्यांची जीप उभी होती. काच अर्धी खाली. आत एक बाई बसली होती, फिक्या लुगड्यात.

"तुमी कोन वं बाई? आत काहून नाई आल्या?"

"पोरीची माय. भुरीबाई." बाई हळू बोलली. "शुभ काम हाये ना. भाऊ म्हने, तू गाडीतूनच पाह्य घर."

तिला गाडीतून घराची एक भिंत आणि मेथीचा वाफा दिसत होता. दीड तास ती ते पाहत होती.

"उतरा," साधना म्हणाली. "अन पुढच्या दारानं या."

भुरीबाई आली. तिनं पुढची खोली पाहिली, जळकी चादर पाहिली, आणि सरळ मागच्या खोलीत गेली.

"इथं कोन राह्यते?"

"मी. अन बॅटऱ्या."

भुरीबाई बाहेर आली. "देवमन, पोरगी इथं नाई द्याची."

"अक्का, गादीचं काय, होते कधी कधी..."

"गादीचं नाई बोलून राह्यली मी. उद्या तिच्यावर माह्यासारखी येळ आली त हे लोक तिले कोठी ठेवतीन, ते पाह्यलं म्या. अन तुह्या घरी बी अशीच खोली हाये, तिथं म्या अकरा साल काढले."

जीप गेली. या वेळी भुरीबाई पुढच्या सीटवर बसली होती आणि देवमनराव, ओले, मागे.

"झालं समाधान?" सीताबाई ओरडल्या. "धर रिठदची गाडी!"

"नाई जात, आत्याबाई. दुकान त्याईनं उघडलं, मी त्याईची बायको हाये. अन आजपासून मागं बी नाई बसत. काय कराचं ते करा, तहसीलात जाणं हाये त मी बी येतो."

तिनं भिंतीवरचं सुस्वागतम काढलं. अक्षरांची घडी करून मुकेशच्या हातात दिली, पट्टी स्वतःकडे ठेवली. मग पुढच्या खोलीत, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी बसून, तिनं चौसष्ट बॅटऱ्या पुन्हा पुसायला घेतल्या. ट्रकचा ड्रायव्हर संघपाल आला तेव्हा एकसष्ट बांधून झाल्या होत्या, तीन टपात वेगळ्या. त्यानं कागद पुढे केला. पाठवणाऱ्याचं नाव. तिनं स्वतःचं लिहिलं, पूर्ण लिहिलं.

मेलेल्या बॅटरीला कसं बांधायचं, कसं उभं ठेवायचं, कशाला टेकू द्यायचं नाही, याचे नियम छापून आले आहेत. त्यांना कारणं आहेत, विचारलं तर कारखाना सांगतो. जिवंत बाईला मागच्या खोलीत ठेवण्याचा नियम कुठं छापला आहे, ते केनवडात कोणालाच सांगता आलं नाही. तुमच्या गावात विचारून पाहा. आणि विचारायला जाताना घरातली सगळी दारं आधी एकदा उघडून बघा. कडी नसेल. आत कोणी तरी असेल.