ठमाबाईंच्या मागे गेलेला उजेड

मित्रांनो, मला खटारा म्हणा, भंगार म्हणा, मी ऐकून घेईन. पण 'निरुपयोगी' म्हणालात तर उत्तर देईन. मी अंबरनाथच्या एका नाट्यगृहातला जुना फॉलो स्पॉट आहे, म्हणजे चालत्या नटाच्या मागोमाग उजेड नेणारा दिवा. माझं अंग लोखंडी, पोटात बल्ब, तोंडाशी जाड भिंग आणि पाठीला दांडा. तो दांडा धरून माणूस मला फिरवतो.

बाल्कनीच्या टोकावर माझी जागा होती. एकांकिका, जलसे, शाळांची संमेलनं, सगळ्यांवर मी उजेड टाकला. 'लाइट मस्त होती' असं कुणी म्हणालं की मी खूश व्हायचो. मला चालवायची यशोधरा. दिवसा विठ्ठलवाडीला नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी मी. नटाने श्वास घेतला की तिचा हात हलायचा.

मग नवे दिवे आले. आपली आपण मान वळवणारे, क्षणात रंग बदलणारे. नटाच्या कमरेला टॅग लावला की तो जाईल तिकडे ते वळतात. संगीतसुद्धा संगणकच सोडतो. देखणे आहेत, खोटं कशाला बोलू? पण ते बसवणारे कंत्राटदार अल्पेश म्हणाले, "आता वर माणूस नको." आणि मला जिन्याखाली ढकललं. माझ्या अंगावर कुणी ओली फडकी वाळत घालू लागलं.

त्याच सुमारास बदलापूरच्या मांजर्लीतल्या बायकांनी त्यांच्याकडे आलेल्या पुरावर नाटक बसवलं, प्रयोग आमच्याच नाट्यगृहात. मुख्य काम ठमाबाईंचं. पूर आला तेव्हा त्यांनी खरोखरच दारोदार धावून लोकांना जागं केलं होतं. तालमीत अल्पेश टॅग घेऊन आले, तर ठमाबाई कडाडल्या, "मी काय गाय हाय, गल्यान घंटा बांधाला?"

"बरं मावशी, मग ह्या खुणेवर उभ्या राहा. हलू नका."

"पूर आयला तवा मी खुनेवर उबी नव्हती!"

यशोधरा शांतपणे म्हणाली, "मग आमचा दिवा आम्ही वर नेतो."

"अहो ताई, त्याचा बल्ब आता बनतच नाही!"

तिने मला रिक्षात घातलं आणि थेट उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये मुकेशच्या दुकानात नेलं. त्याने मला ठोकून पाहिलं. "बॉडी एकदम टनाटन है, मॅडम. अंदर एलईडी बसवतो, पंखा पण नया." माझ्या पोटात नवा दिवा बसला. दांडा मात्र तोच राहिला.

प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. नव्या दिव्यांनी रंगमंचावर असं पाणी चढवलं की पुढच्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले. आणि ठमाबाई एकदम पायऱ्या उतरून प्रेक्षकांत शिरल्या. नवे दिवे रंगमंचापुरतेच होते. यशोधराने दांडा ओढला आणि मी अंधारात त्यांच्या मागे धावलो. एकेक खुर्ची दार असल्यासारखी वाजवत त्या ओरडत होत्या, "उठा! पानी आयला, उठा!"

मधल्या रांगेत एक म्हातारे काठी टेकत उभे राहिले. ते मांजर्लीचे जनू. त्या पुरात ठमाबाईंनी त्यांचंच दार फोडलं होतं. "उठलो गो बाय," ते म्हणाले, "तुज्यामुलं उठलो." यशोधराने उजेड जरा पसरवला. दोघं त्यात मावली.

नंतर अल्पेश बाल्कनीत आले. "ह्याला इथेच राहू द्या," एवढंच बोलले. यशोधरा म्हणाली, "राहणारच आहे. आणि तुमच्या दिव्यांनाही हाताने फिरवायची सोय करून द्या." त्यांनी ती करून दिली.

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात ठेवून हार घालू नका. मला पुसा, दुरुस्त करा, राबवा. नव्या यंत्रांनाही खुशाल आणा, त्यांच्यापुढे मी मान खाली घालणार नाही. आणि रंगभूमीला आता माणसाची गरज नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला तोंडावर विचारा, "मग नाटक कुणाचं बघायचं?"