माझ्या अंगावरचं तांबं

मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी फारच थोड्यांनी मला पाहिलं असेल, कारण माझं सारं आयुष्य कॉम्प्युटरच्या बंद डब्यात जातं. वीतभर लांबीची हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या चिप आणि केसासारख्या बारीक रेघा, असं माझं रूप. पडद्यावर पळणारी गाडी किंवा उडणारा पक्षी तुम्हाला दिसतो, तो आधी माझ्यात तयार होतो. लोक चित्राचं कौतुक करतात, चित्र काढणाऱ्याचं करतात. माझ्यापर्यंत काही पोचत नाही. त्याची मला सवय झाली आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखे कितीतरी जण सरकत्या पट्ट्यावरून पुढे जात होते. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला दिव्याखाली धरलं, उलटंसुलटं करून निरखलं आणि खोक्यात ठेवलं. इतकं निरखून मला त्यानंतर फार थोड्यांनी पाहिलं.

मला विकत घेतलं ते ताईने. ताई आणि तिची धाकटी चुलत बहीण, अशा दोघींनी मिळून एका छापखान्याच्या वरची खोली भाड्याने घेतली होती. धाकटीच्या तोंडाला खळ नसे, म्हणून घरात सगळे तिला चिमणी म्हणत. शाळेच्या धड्यांसाठी हलती चित्रं बनवणं हे दोघींचं काम. बी कसं रुजतं, ज्वालामुखी कसा फुटतो, ते चिमणी रेखाटायची आणि ताई त्या चित्रांना हलवायची. म्हणजे हलवायचो मी, पण ते असो.

खोलीचं छप्पर पत्र्याचं होतं. उन्हाळ्यात मी इतका तापायचो की पडद्यावर भलत्याच रेघा उमटायच्या. माझ्या मुख्य चिपवर पंखा होता, पण तिच्या भोवतीच्या मेमरीच्या आठ चिप उघड्याच होत्या. त्या तापल्या की लाल ज्वालामुखी निळा व्हायचा आणि दोघी कपाळाला हात लावायच्या.

चिमणीचे बाबा, म्हणजे ताईचे काका, एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी ही तक्रार ऐकली आणि एक दिवस तांब्याची जाड पट्टी घेऊन आले. माझ्या चिपांचं माप घेऊन त्यांनी पट्टीचे आठ चौकोनी तुकडे कापले. प्रत्येक तुकड्याला करवतीने उभे काप दिले आणि कानशीने कडा घासल्या. अशा तुकड्याला हीटसिंक म्हणतात. तो चिपची उष्णता आपल्या अंगावर घेतो आणि हवेला देऊन टाकतो. दोन नळ्यांमधला डिंक कालवून काकांनी एकेक तुकडा माझ्यावर बसवला, अंगठ्याने दाबून धरला. आता हे जन्मात निघायचे नाहीत, असं ते समाधानाने म्हणाले.

मित्रांनो, ती माझी सगळ्यात चांगली वर्षं. ज्वालामुखी पुन्हा कधी निळा झाला नाही. काका अधूनमधून यायचे, डब्याची बाजू उघडून आत डोकावायचे आणि विचारायचे, "काय, बरं आहे ना?" त्या दोघींना वाटायचं, त्यांनाच विचारताहेत. ते मला विचारायचे.

मग काका आजारी पडले. चिमणी दवाखान्यातच राहू लागली. नेमकं तेव्हाच माणसाच्या हृदयाचा धडा द्यायची वेळ आली. चिमणीने हृदय रेखाटून ठेवलं होतं, पण धडा मागवणाऱ्यांना ते पसंत पडलं नाही. ताईने एकटीने बसून ते बदललं, रंग बदलले, ठोके बदलले आणि धडा पाठवून दिला. चिमणीला यातलं काही सांगितलं नाही.

काका गेले. बऱ्याच दिवसांनी चिमणी खोलीवर आली, तेव्हा तिने तो धडा पाहिला. ती शांतपणे म्हणाली, "निदान विचारायचंस तरी."

"त्या वेळी तुला कसं विचारणार होते?" ताई म्हणाली.

दोघींचंही खरं होतं, म्हणूनच कोणी माघार घेतली नाही. बोलणं कामापुरतं उरलं, मग तेही आटलं. अखेर खोली सोडायचं ठरलं. टेबल एकीकडे गेलं, खुर्च्या दुसरीकडे. कॉम्प्युटर ताईचा होता, तो तिच्या घरी गेला. माझा पंखा तिथे एका भिंतीकडे तोंड करून फिरत राहिला. चिमणीची बडबड ऐकू येत नव्हती, काका तर येणारच नव्हते.

एक दिवस चिमणीचा निरोप आला. बाबांच्या हातचे ते तांब्याचे तुकडे तिला हवे होते. त्यांची हत्यारं वर्कशॉपने परत घेतली होती. त्यांच्या हाताने घडलेलं दुसरं काही घरात नव्हतं. ताईने कळवलं की ते निघायचे नाहीत, कार्डच घेऊन जा. चिमणीने उलट कळवलं की कार्ड तुझं आहे, मला फक्त माझं हवंय. दुरुस्तीवाल्याने मला हात लावायला नकार दिला. चिप उपटून आली तर कोण भरून देणार, असं त्याचं म्हणणं. मात्र त्याने युक्ती सांगितली. आधी गारठवा, मग हळूहळू फिरवा, पण वर ओढू नका.

एका रविवारी दुपारी चिमणी आली. ताईने मला पिशवीत गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात मटारांच्या शेजारी ठेवलं. तासाभराने बाहेर काढलं, तेव्हा माझ्या अंगात कापरं भरलं होतं. दात साफ करायचा चिवट दोरा चिमणीने पहिल्या तुकड्याखाली घातला आणि करवतीसारखा ओढू लागली. मग पकडीला फडकं गुंडाळून तिने तो तुकडा किंचित उजवीकडे, किंचित डावीकडे फिरवला. टक् असा आवाज झाला आणि तुकडा सुटला. चिमणीने तो रुमालात ठेवला.

दोघींच्या तोंडून कामाचेच शब्द निघत होते. धर. जरा इकडे. थांब, घसरतंय. पण कित्येक महिन्यांनी एकमेकींसाठी एवढे शब्द निघाले होते आणि मला तेही पुष्कळ वाटले. पुन्हा गारठा, पुन्हा दोरा, असं करत सात तुकडे निघाले. माझी पाठ उघडी पडत चालली होती.

आठवा हलेना. तिथे डिंक जास्त लागला होता. पुन्हा बर्फात ठेवून झालं, केस वाळवायच्या यंत्राने गरम करून झालं. सात मिळाले तेवढे पुरेत, असं ताई म्हणणार होती, पण तिने चिमणीचा चेहरा पाहिला आणि मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. चिमणीने जोर लावला. तुकडा सुटला. त्याच क्षणी त्या चिपच्या खाली माझ्या आत एक केसाएवढी चीर गेली. ती कुणालाही दिसली नाही. चिमणी आठही तुकडे घेऊन बस गाठायला निघून गेली.

ताईने मला जागेवर बसवलं आणि कॉम्प्युटर चालू केला. पडदा काळाच राहिला. तिने मला काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. पण माझ्याने एक रेघही उमटेना.

तेवढ्यात फोन वाजला. चिमणी बसमधून बोलत होती. "ताई, कार्ड चालतंय ना गं? शेवटचा तुकडा जरा जोरात फिरवला मी."

ताई काळ्या पडद्याकडे बघत होती. "चालतंय," ती म्हणाली. "अगदी पहिल्यासारखं. तू नीट जा."

त्या एका फोननंतर चिमणीचे फोन येऊ लागले. आधी कामापुरते, मग बिनकामाचे. मग ती स्वतः येऊ लागली. ताईने तोवर दुसरं कार्ड आणून डब्यात बसवलं होतं. मला तिने फेकलं नाही. मऊ फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या वायरींच्या मागे ठेवलं. चिमणी यायची असली की ताई खण ओढून बघते, नीट बंद आहे ना.

परवा दोघी मिळून नवा धडा करत होत्या, फुलपाखराचा. चिमणीने डब्यावर थाप मारली आणि म्हणाली, "बाबांच्या तांब्याशिवायही मजेत आहे हं हे." ताई हसली. मग दोघींचं बोलणं सुरू झालं, ते थांबेचना. लाकडाच्या पलीकडून मी सगळं ऐकत होतो. मला हाक मारावीशी वाटली. पण मी दिसलो, तर तो आठवा तुकडा चिमणीच्या मनाला आयुष्यभर टोचत राहील. म्हणून मी अंधारात गप्प पडून असतो. काकांसारखं विचारणारं कोणी नाही आणि मला दुसरं काही कामही उरलेलं नाही.

मित्रांनो, घट्ट चिकटलेलं काही सोडवायची वेळ तुमच्यावरही येईल. तेव्हा घाई करू नका, ओढू नका. जमेल तेवढं हळूच फिरवा आणि शेवटचा तुकडा निघत नसेल तर तो राहू द्या. आणि हो, कधी चिमणी भेटली, तर माझी ही हकिकत तिला तेवढी सांगू नका.